आत्याची पहिली पाकळी

"आत्या, तुझा केक खाऊन आजवर कुणी मेलंय का?"

हे आत्याला तोंडावर विचारायचं, ही मैत्रिणींनी लावलेली पैज टकळीनं फटक्यात जिंकली. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात 'हजर' म्हणतानाही तिचा घसा कोरडा पडायचा. मग वक्तृत्वात दुसरा नंबर काय आला, तोंड मिटायचं नावच नाही! घरच्यांनी तिचं नाव टकळी ठेवलं, तर त्याचाही तिला तोरा.

आत्या केकवर क्रीम सारखं करत होती. तिनं मान वर केली. "मेलं नाही गं. पण मारायला निघाले होते एकदा."

"काय सांगतेस!"

"केकच्या धंद्यात नवी नवी होते. कुंपणावरची गुलाबी कण्हेर इतकी गोड दिसली, की तोडून लावली केकवर. ती विषारी असते असं कुठंतरी ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नाही. पाहुण्यांत एक माळीकाका होते, ते ओरडले म्हणून निभावलं. अख्खा केक कचऱ्यात गेला."

तेव्हापासून आत्याचा नेम ठरला. फुलाची जात पक्की ठाऊक हवी. बाजारातलं फूल नको, त्यावर काय काय मारलेलं असतं देव जाणे. ओळखीच्या बागेतलं, फवारणी न केलेलं तेवढंच घ्यायचं. आणि केकवर ठेवण्याआधी पहिली पाकळी आत्या स्वतः खाणार.

"म्हणजे तपासणी?"

"छे! एका पाकळीनं काय कळतंय? ती माझी शपथ. जे मी खाणार नाही, ते दुसऱ्याच्या बशीत नाही."

आजचा केक एका आजींच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा होता. आजींना दिसत नाही. त्या सगळं बोटांनी बघतात, मग नाकाशी नेतात आणि मनात आलं तर सरळ तोंडात टाकतात. म्हणून सुनेनं बजावलं होतं, फुलं खरी हवीत आणि खाल्ली तरी चालतील अशीच हवीत. आणि नेमकी आजच बागेतली फुलं आली नाहीत! आत्याचा फोन आला तशी टकळी बाल्कनीतले स्वतः वाढवलेले पाच गुलाब डब्यात घालून धापा टाकत हजर झाली होती. तिचे गुलाब, आत्याच्या केकवर! उद्या वर्गात नुसता धुरळा.

"काही फवारलेलं नाही ना?" आत्यानं डबा उघडता उघडता विचारलं.

"अगं, घरचेच आहेत!"

"मग प्रश्नच मिटला." आत्यानं एक पाकळी खुडली.

टकळी त्या पाकळीकडे बघत राहिली. 'घरचेच आहेत' हे उत्तर नव्हतंच. रविवारी बाबा पांढरी बाटली घेऊन बाल्कनीत उभे होते आणि "बघ, तुझ्या गुलाबाची कीड पळवली," म्हणत होते, तेव्हा ती शेजारीच तर होती.

पाकळी ओठांशी पोचली.

"थांब!" टकळीनं झेप घेऊन आत्याचा हात धरला. पाकळी ओट्यावर पडली. "बाबांनी औषध मारलंय. मला माहीत होतं. मी दोनदा धुतले, म्हटलं चालेल..." वक्तृत्वातला तो खणखणीत आवाज पार चिरकला.

 आत्यानं डब्याचं झाकण लावलं, टकळीला नळापाशी नेलं आणि तिचे हात साबणानं धुतले, लहानपणी धुवायची तसे, बोटन् बोट.

"नुसत्या पाण्यानं ते जात नाही, बाळा," ती म्हणाली. "माळीकाका ओरडले नसते, तर मी आपणहून बोलले असते का? मला अजून कळलेलं नाही."

टकळीनं तिच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"पुरे, आता रडून क्रीम खारट करू नकोस." आत्याची नजर खिडकीकडे गेली. तिथल्या कुंडीत तिनंच लावलेला पुदिना माजला होता, वर बारीक जांभळे तुरे. तिनं सुनेला फोन लावून खरं ते सांगितलं. गुलाब नाहीत, पुदिना चालेल का? पलीकडून आजींचाच आवाज आला, "पुदिना? वा! निदान वास तरी येईल. हल्लीच्या गुलाबांना वास असतो कुठं?"

आत्यानं पहिलं पान खुडलं, अर्धं स्वतः खाल्लं आणि अर्धं टकळीच्या तोंडात घातलं. शपथेत वाटा!

घरी पोचल्या पोचल्या टकळीनं चहा पीत बसलेल्या आईबाबांसमोर ठाण मांडलं.

"ऐका. उद्यापासून बाल्कनी माझी. औषधाची बाटली बाद."

"अगं, तुझ्याच गुलाबासाठी मारलं ना मी?" बाबांचा चेहरा उतरला.

"माहितीये, बाबा." तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकला. "ते गुलाब राहू देत, नुसते बघायला. मी नव्या मातीत नवी रोपं लावणार, आत्याच्या केकसाठी. तुमची ती व्यायामाची सायकल आत येणार, नाहीतरी तिच्यावर टॉवेलच व्यायाम करतात. कीड मी रोज सकाळी हातानं वेचणार."

"आणि सकाळी तुला उठवणार कोण?" आई म्हणाली.

"मीच उठणार! आणि पहिलं फूल आलं की पहिली पाकळी मी खाणार, दुसरी बाबा. ठरलं!"