शून्य पावसाचा दिवस

मी पाऊस मोजणारा एक जुना डबा आहे. शाळेच्या पुस्तकात मला पर्जन्यमापक म्हणतात, शीबेई गावात ‘कचेरीमागचा डबा’ म्हणतात. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला इथल्या हवेची किळस आली आहे आणि माणसांची त्याहून जास्त.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी लखलखीत होतो. वर ताटलीएवढे गोल तोंड, आत चाळणी आणि तिच्याखाली इवल्याशा दोन पळ्या. एक पळी भरली की कलंडते आणि दुसरी पुढे येते. पळी किती वेळा कलंडली ते लगेच तालुक्याला कळते. एका तासात फार पाऊस झाला की तिकडून गावच्या सचिवाला फोन येतो, सचिव पितळी थाळा बडवतो आणि ओढ्याकाठची माणसे घर सोडून टेकडीवर जातात. एवढे मानाचे काम मिळाले म्हणून मी फुशारलो होतो.

मान कसला! इथे वसंतात भिंतींना घाम फुटतो. आलुबुखार पिकायला लागले की जो पाऊस बसतो तो वीस-वीस दिवस उठत नाही. चपलांवर हिरवी लव उगवते, जेवायच्या काड्यांवर काळे ठिपके पडतात, रजया अंगाला चिकटतात. गोगलगायी माझ्यावर चढतात आणि मागे बुळबुळीत रेघ सोडतात. शी! मग उन्हाळा येतो तो शिजत्या भाताच्या झाकणाखाली बसवल्यासारखा. हिवाळ्यात बर्फ क्वचित, नुसती ओली थंडी हाडात मुरते. शरदातला एक महिना तेवढा बरा, पण तेव्हा मला काम नसते.

पहिली चौदा वर्षे माझी देखभाल ल्याओकाकांकडे होती. दर सोमवारी ते दात घासायच्या जुन्या ब्रशाने माझी चाळणी घासत आणि शेवाळाला मनसोक्त शिव्या देत. त्यांचे गुडघे गेले आणि काम सचिव शियोंगकडे आले. त्याने पहिल्या दिवशी मला पुसून फोटो काढला. पुढे दर महिन्याला तोच फोटो ‘स्वच्छता पूर्ण’ म्हणून तालुक्याला जाऊ लागला. फोटोत मी चकचकीत, आणि इथे माझ्या तोंडात पक्ष्यांची घाण आणि कुजकी पाने! तरीही पाणी कशीबशी वाट काढत होते आणि मी मोजत होतो.

गेल्या वर्षी आलुबुखाराच्या पावसात एकोणीस दिवसांनी एकदाचे ऊन पडले. सगळे गाव ओल्या रजया घेऊन कचेरीमागच्या फरशीवर धावले. ओढ्याकाठच्या टोफूवाल्या देंगची बायको फेंगज्याओही आली. तिच्याकडे खारवलेल्या मोहरीच्या पाल्याने भरलेली बांबूची पसरट परडी होती. पाला काळा, लिबलिबीत, आणि वास असा की माशांनीसुद्धा तोंड फिरवावे. तिने ती परडी बरोबर माझ्या तोंडावर ठेवली.

“अगं, सरकारी डब्यावर भाजी?” शेजारीण हसली.

“मग खाली ठेवू? कोंबड्यांचे काय उपास आहेत? तिसऱ्यांदा बुरशी आलीय मेलीला. आता वाळली नाही तर वर्षभर डुकराच्या मांसात काय घालू, माझं डोकं?”

एवढे बोलून ती टोफू विकायला वरच्या वाडीत गेली. घरी देंग होता आणि अंथरुणाला खिळलेली त्याची आई.

दुपारी आभाळ फाटले. जो तो आपापली रजई उचलून पळाला. परडी तशीच राहिली. बहुतेक पाणी कडेने ओघळून गेले. माझ्यात उतरला तो खारट, आंबूस गाळ, आणि त्याने चाळणी पार बुजली. मित्रांनो, छप्पर फुटेल असा पाऊस कोसळत होता आणि मी तालुक्याला कळवत होतो, शून्य.

ल्याओकाका लंगडत कचेरीच्या दारात आले. “शियोंग, थाळा वाजव! ओढा पुलाला लागलाय.”

“काका, आकडा शून्य आहे. हे बघा, मोबाइलवर.”

“अरे, तू चिंब झालायस ते काय घामानं?”

“वरून फोन नाही आला. उगाच लोकांना पळवलं आणि काही झालं नाही, तर शिव्या मीच खायच्या.”

काका त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. ते भिजत माझ्याकडे आले, परडी पाहिली आणि एका हाताने ती भिरकावून दिली. “याचं तोंडच बांधलंय की रे!” त्यांनी शियोंगच्या खुंटीवरचा थाळा ओढून घेतला आणि रस्त्यात उभे राहून बडवायला सुरुवात केली.

पुढचे मी गावाच्या तोंडून ऐकले. देंगने आईला पाठीवर घेतले, पण म्हातारी मरणासाठी आधीच करून ठेवलेल्या आपल्या शवपेटीची कड सोडायला तयार नव्हती. “पेटी राहू दे आणि मी जाऊ? मला काय चटईत गुंडाळणार आहेस?” ती मुलाच्या कानावर चापट्या मारत होती. ती दोघे चढणीला लागली आणि ओढा घरात शिरला. घर, जाते, पेटी, सगळे गेले. थाळा अर्धा तास आधी वाजला असता तर चार माणसांनी पेटी सहज वर नेली असती. म्हातारीने अन्न सोडले. आपल्याला मरायलाही जागा उरली नाही असे तिला वाटत होते.

आठवड्याने तालुक्याचा साहेब कागद घेऊन आला. शियोंगने त्याला सांगितले, “यंत्र जुनं झालंय. बिघाड झाला.” जमलेल्यांनी माना डोलावल्या. परडी कोणाची हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. गोगलगाय निदान आपली रेघ लपवत नाही.

“बिघाड नव्हता,” मागून फेंगज्याओ म्हणाली. “परडी माझी होती.”

“गप गं!” शियोंग दबक्या आवाजात म्हणाला. “डब्यावर ढकललं की मिटलं. त्याला कुठे बायकामुलं आहेत?”

“सासूबाई रोज विचारतात, थाळा उशिरा का वाजला. त्यांना काय सांगू? डब्याला विचारा?”

साहेबाने कागद उलटसुलट पाहिला. त्यात परडीसाठी रकाना नव्हता. त्याने ‘बिघाड’ लिहिले आणि तो चहा प्यायला गेला. फेंगज्याओ तिथून थेट घरी गेली, म्हणजे पुरानंतर आसरा घेतलेल्या ल्याओकाकांच्या पडवीत, आणि सासूसमोर गुडघे टेकून सगळे बोलली. म्हातारी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने सुनेच्या हातची पेज घेतली.

उद्या मला उपटून नेणार आहेत. माझ्या जागी नवे यंत्र येईल, माझ्याहून हुशार. मित्रांनो, त्याचे तोंड घासत जा, त्यावर काही ठेवू नका. आणि एवढे करूनही ते कधी शून्य म्हणाले, तर आधी दाराबाहेर हात काढून बघा.