गरम खोलीतली सायकल

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो, पण आयुष्यात तसूभरही पुढे गेलेली नाही. कारखान्यातून निघाले ती थेट या प्रयोगशाळेत आले आणि फरशीला बोल्टने जखडले गेले. मुद्दाम तापवलेल्या या खोलीत लांब पल्ल्याचे खेळाडू उकाड्यात किती टिकतात ते पाहायला त्यांना माझ्यावर बसवत. ती एक शिस्तीची, घाम गाळणारी नोकरी होती. माणसाचे पायच थकतात, असे मी छातीठोकपणे सांगितले असते. मग भिंगरी आली.

भिंगरी शर्यतीत सायकल चालवायची. मध्यंतरी मनाच्या आजाराने तिने अंथरूण धरले होते. आमच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाईंच्या गोळ्यांनी ती पुन्हा उभी राहिली. आता उन्हाळ्यातल्या मोठ्या शर्यतीसाठी निवड व्हायची होती. तिचे मामाच तिचे प्रशिक्षक.

आमची रीत अशी, की खेळाडूला मधूनमधून "किती दमलात?" विचारायचे आणि त्याने भिंतीवरच्या तक्त्यातल्या एका शब्दाकडे बोट दाखवायचे. भिंगरीचे बोट ‘मजेत’वरून हलेचना.

"मामा, वेग वाढवू?"

"वाढव की! विचारतेस काय? घोडं शिरलंय पोरीत!"

माझ्या मुठी मात्र तिच्या तळहातांनी पोळत होत्या. डॉक्टरबाईंनी अंगातल्या तापाचा आकडा पाहिला आणि माझे चाक अडवले.

"मी दमलेच नव्हते!" भिंगरी चिडून उतरली आणि मटकन खालीच बसली. काखेत बर्फाच्या पिशव्या दाबत बाई म्हणाल्या, "तेच तर. दमल्याची वर्दी मेंदू देतो. या गोळ्यांनी मेंदूतली रसायनं बदलतात, म्हणून तू सावरलीस. पण तुझ्या बाबतीत उकाड्यात ती वर्दी उशिरा येतेय. अंग तापत जातं नि तुला पत्ताच नाही."

"मग गोळ्या बंद!" मामा म्हणाले.

भिंगरी म्हणाली, "मामा, गोळ्या बंद केल्या तर शर्यत सोडा, मी अंथरुणातून दारापर्यंतसुद्धा येऊ शकणार नाही."

मामा तिच्याजवळ फरशीवर टेकले. "मग उन्हाळ्यातली शर्यत गेली खड्ड्यात," ते म्हणाले. "बाई, आम्ही थंडीत उतरू. सरावात हिला नाही, थर्मामीटरला विचारू."

थंडीतल्या शर्यतीत तिचा नंबर आला नाही. सगळे अंतर कापून ती हसत घरी गेली, एवढे मामांनी येऊन सांगितले.

आता पडद्याचे नवे यंत्र आले आहे आणि माझ्या मुठींवर लोक कोट टांगतात. तरी सांगते, मित्रांनो: अंगाची हाक प्रत्येकाला वेळेवर ऐकू येतेच असे नाही. आपल्या माणसाला ती ऐकू येत नसेल, तर तुम्ही ऐका. आणि त्याला सावरणारे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या हातून काढून घेऊ नका.