चौथ्या गाण्यातला साहेब

तेजस ओव्हाळने तोंड बंद ठेवलं तर त्याला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. दोन वर्षं हॉलंड. तिथल्या एका बँकेचं काम, राहायला कंपनीचं घर, आणि परत आल्यावर नावापुढे 'लीड' हा शब्द. शिवाय त्याच्या आईला, सत्यशीलाबाईंना, लोणी काळभोरात दारोदार सांगायला एक विषय. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. आणि तोंड उघडलं तर? एक नाव. तेही त्याने स्वतःच ठेवलेलं. गैरहजर.

गैरहजर हा रॅपर होता. फेब्रुवारीत त्याचा 'नव्वद दिवस' हा अल्बम निघाला. हिंजवडीतला एक इंजिनिअर राजीनामा देतो आणि नोटिशीचे नव्वद दिवस काढतो, एवढीच गोष्ट. अकरा गाणी, एक्कावन्न मिनिटं. फोटो नाही, मुलाखत नाही, खरं नाव नाही. कारण तेजस स्वतःही हिंजवडीतच इंजिनिअर होता, आणि त्याच्या करारात चौदावं कलम होतं: नोकरी सांभाळून दुसरा कसलाही धंदा करायचा नाही. त्या वर्षी तर असे जोडधंदेवाले हुडकून काढायची सगळ्याच कंपन्यांना हौस आली होती.

एक सोडून सगळी गाणी त्याने रविवारी दुपारी, कपड्यांच्या कपाटात गोधड्या टांगून, तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड केली. दोन ओळी म्हणायच्या, थांबायचं, पाणी प्यायचं, मग पुढच्या दोन. नंतर कॉम्प्युटरवर सगळं शिवून टाकायचं. सत्यशीलाबाई बाहेर कुकरवर पहारा देत. तरी सहाव्या गाण्यात एक शिट्टी राहिलीच, आणि इंटरनेटवरच्या जाणकारांनी तिच्या अर्थावर दोन परिच्छेद लिहिले.

स्वारगेटहून सात दहाला सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये हा अल्बम पहिल्यांदा लावला ड्रायव्हर संभाजीने. मे महिन्यापर्यंत त्याचं रोज पारायण होऊ लागलं. तेजस मागून दुसऱ्या रांगेत बसून, जणू दुसऱ्याचंच मूल रडतंय अशा चेहऱ्याने ऐकायचा.

"हा क्लासिक आहे," अमरावतीची नम्रता वानखडे एकदा जाहीरपणे म्हणाली. ती डेटाबेसवाली होती आणि मत देताना आकडा दिल्याशिवाय राहत नसे. "अकरापैकी एकही गाणं पुढे ढकलावंसं वाटत नाही. शून्य."

"क्लासिक व्हायला वीस वर्षं लागतात," शनिवार पेठेतला दत्तप्रसाद आगाशे म्हणाला. "आमच्याकडे तर माणूस गेल्याशिवाय म्हणतच नाहीत."

"अरे बाप्पा, मग ऐकायला कोण उरतं?"

"म्या चाळीस येळा लावलाय," संभाजी आरशात बघत म्हणाला. "कुनी बंद कर म्हनलं का? मंग हाय की."

मतभेद नव्हता तो चौथ्या गाण्याबद्दल. त्याचं नाव 'वन-ऑन-वन'. वर्षाअखेरीला साहेब एकेकाला काचेच्या खोलीत बोलावून, बढती का देत नाही ते प्रेमाने समजावतो, त्याचं ते गाणं होतं.

साहेब म्हणाले, मीठ तू टीमचं, तुझ्यावाचून सगळं अळणी,
बढतीच्या वेळी काढली त्यांनी बारीक भोकांची चाळणी;
मीठ गेलं खाली गळून, खडे राहिले वरती,
खड्यांना मिळाल्या खुर्च्या, मिठाची पुन्हा भरती.

कंपनीत चाळीस मॅनेजर होते. चाळीसही जण हे गाणं ऐकून मनापासून हसले, कारण हा साहेब आपल्या शेजारच्या केबिनमधला आहे याबद्दल प्रत्येकाची खात्री होती.

गैरहजर कोण, हे मात्र कुणालाच कळेना. एके सकाळी कुणीतरी सहज म्हणालं, "दत्ता, आवाज तुझ्यासारखा वाटतो रे." दत्तप्रसादने कॉलेजात नाटकं केली होती. तो 'हो' म्हणाला नाही. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि खिडकीबाहेर पाहिलं. पेठेत खोटं बोलण्याची पद्धत नाही. नाकारायचं नाही, एवढंच.

बसला तेवढं पुरलं. आठवड्याभरात दत्तप्रसादला खिडकीची जागा राखून ठेवली जाऊ लागली. तेजसला तर आभाळ मोकळं झाल्यासारखं वाटलं. संशयाचा पाऊस कुठेही पडो, छत्री दुसऱ्याने धरली होती. त्या आठवड्यात त्याने व्हिसाचे कागद शीळ घालत भरले.

पहिला काटा रुतला जूनमध्ये. नम्रता दत्तप्रसादच्या शेजारी बसली होती, तेजस बरोबर मागे.

"नववं गाणं ऐकलं," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि बाबांना फोन केला. दोन वर्षं बोलत नव्हतो आम्ही. कसं रे लिहिलंस हे?"

नववं गाणं वडिलांच्या न उचललेल्या फोनबद्दलचं होतं. तेजसचे वडील गेले त्यानंतरचं. ते लिहायला त्याला चार महिने लागले होते, त्यातले तीन न लिहिण्यात गेले होते.

दत्तप्रसादने चष्मा पुसला. मग म्हणाला, "सुचतं."

तेजसला त्या एका शब्दासाठी त्याला बसमधून खाली ढकलावंसं वाटलं. त्याने हॉलंडचा विचार केला आणि गप्प बसला.

जुलैच्या दुसऱ्या मंगळवारी दत्तप्रसादला एचआरकडून पत्र आलं. विषय: कलम चौदा. दुपारी तीन वाजता हजर राहावे. कुणीतरी निनावी तक्रार केली होती की आगाशे रॅप विकतात.

कँटीनमध्ये तेजसने त्याला कोपऱ्यात गाठलं. "दत्ता, सरळ सांग ना, मी नाही म्हणून."

दत्तप्रसादच्या पुढचा डोसा तसाच होता. "अडीच महिने नाही म्हटलं नाही, आता म्हणू? उद्या बसमध्ये कुठल्या तोंडाने चढू?"

"नोकरी जाईल."

"जाईल. पण लोक म्हणतील, गाण्यापायी गेली." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "लेकीचं, उत्कर्षाचं, पहिलीचं वर्ष आहे रे. बायकोला अजून सांगितलेलं नाही."

आता तेजसचा हिशेब नव्याने मांडावा लागणार होता. गप्प राहिलं तर हॉलंड मिळणारच होतं, वर प्रकरणही कायमचं मिटणार होतं. गैरहजर पकडला गेला म्हटल्यावर पुन्हा शोधणार कोण? फायदा दुप्पट झाला होता. नेमका तोच त्याला गिळवेना. तीन वाजून पाच मिनिटांनी त्याने एचआरच्या खोलीचं दार वाजवलं.

आत चैताली मॅडम होत्या, समोर दत्तप्रसाद, आणि बाजूच्या खुर्चीत रंगनाथ सर. तेजस आणि दत्तप्रसाद दोघंही त्यांच्याच टीममध्ये होते.

"मॅडम, तो अल्बम आगाशेचा नाही. माझा आहे."

चैताली मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बसा. तुम्ही तिसरे."

"तिसरे?"

"टेस्टिंगमधले दोघं सकाळीच येऊन कबूल करून गेले. त्यातल्या एकाला मराठी येत नाही." त्यांनी सुस्कारा सोडला. "शिक्षेसाठी रांग लागलेली मी पहिल्यांदा बघतेय. बरं, गाणं तुमचं ना? मग म्हणा. चौथं."

तेजसने सुरुवात झोकात केली. मीठ, अळणी, चाळणी. दोन ओळी झाल्या आणि सवयीप्रमाणे तो थांबला. कपाटात इथे पाणी प्यायचं असे. तिसरी ओळ जिभेवर आली, चौथीच्या पायात पाय घालून पडली. त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडकला. हे स्वतःचंच गाणं त्याने आयुष्यात एकदाही सलग म्हटलेलं नव्हतं.

"मीठ गेलं खाली गळून," दत्तप्रसाद न राहवून पुटपुटला.

"हां, खाली गळून... खडे..."

"खडे राहिले वरती! अरे, ताल सोडू नकोस!" आणि दत्तप्रसादने टेबलावर अंगठ्याने ठेका धरला आणि पुढचं सगळं गाणं, तीन मिनिटं, एकाही ठिकाणी न अडखळता, जिथे आवाज चढायला हवा तिथे चढवून म्हणून टाकलं. टेबलाखाली चैताली मॅडमची चप्पल हलत होती. लक्षात आल्यावर त्यांनी ती थांबवली.

तेजस आ वासून ऐकत राहिला. हे आपण लिहिलंय, हे त्याला नव्यानेच कळत होतं, आणि बरं लिहिलंय असं वाटत होतं. नम्रताचा शून्य, संभाजीचे चाळीस, सगळं बाजूला राहिलं. आपल्यापेक्षा दुसऱ्याला जास्त पाठ आहे म्हटल्यावर आणखी काय हवं?

"आगाशे," मॅडमनी पेन उचललं, "आता शंका उरली नाही."

आपल्याला दाद मिळाली की नोकरी गेली, हे समजायला दत्तप्रसादला क्षणभर लागला. मग त्याचा रंग उतरला. "मॅडम, मी... मी फक्त ऐकतो हो."

"असं म्हणणारे मात्र तुम्ही आज पहिलेच."

"माझ्याकडे तुकडे आहेत," तेजस म्हणाला. "सगळ्या रेकॉर्डिंगचे. कुकरच्या शिट्टीसकट. घरून घेऊन येतो."

"त्याची गरज नाही," इतका वेळ खिडकीकडे बघणारे रंगनाथ सर म्हणाले. त्यांनी टायची गाठ सैल केली. "अल्बम ओव्हाळचाच आहे."

"कशावरून?"

"ते मिठाचं वाक्य. जेवताना मला सुचलं होतं, आणि एकाच माणसाला बोललो होतो. त्या काचेच्या खोलीत." ते थांबले. गाणारे म्हणून मिरवायला चौघं तयार होते; या दुसऱ्या जागेवर कंपनीतल्या चाळिसांपैकी एकानेही आजवर हक्क सांगितला नव्हता. "चौथ्या गाण्यातला साहेब मी आहे."



"सर, तुम्हाला माहीत होतं?" तेजसने विचारलं.

"मार्चपासून. बायको भाजी चिरताना ऐकत होती. म्हणाली, किती नालायक माणूस असेल नाही हा? मी म्हटलं, हो." त्यांनी चष्म्यावरून तेजसकडे पाहिलं. "एप्रिलमध्ये हॉलंडसाठी तुझं नाव उगाच घातलं का मी?"

म्हणजे ज्या हॉलंडसाठी तेजस गाणं लपवत होता, ते हॉलंड त्याला गाण्यानेच मिळालं होतं. हिशेब चुकला म्हणावं तर असा.

चैताली मॅडमनी नियम वाचून दाखवले. धंदा म्हणजे मिळकत हवी. मिळकत किती झाली, असं त्यांनी विचारलं. तेजसने सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मग दयेपोटी तो रकाना रिकामाच ठेवला. "बदनामीबद्दल तुमची तक्रार आहे का, सर?"

"खोटं असतं तर केली असती."

तेव्हा नोकरी वाचली. लेखी ताकीद मिळाली, आणि ताकीद मिळालेल्या माणसाला वर्षभर परदेशी पाठवता येत नसे. हॉलंडच्या यादीतलं पुढचं नाव आगाशे, द. म. असं होतं.

खोलीबाहेर आल्यावर तेजसने जिन्यातच आईला फोन लावला. "आई, हॉलंड गेलं. मी सांगून टाकलं."

"नोकरी?"

"आहे."

"मग रविवारी कुकर लावू की नको, तेवढं सांग," सत्यशीलाबाई म्हणाल्या. तेजस जिन्यात एकटाच हसत बसला. फेब्रुवारीपासून छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बातमी बसच्या आधी स्वारगेटला पोचली होती. दत्तप्रसाद चढताच सगळ्यांच्या माना वळल्या.

"काहून रे दत्ता?" नम्रता उसळली. "तू नव्हतास?"

दत्तप्रसादने शांतपणे रुमालाने सीट झटकली. "मी कधी म्हटलं होतं, मी आहे?"

बसने आठवून पाहिलं. खरंच, कधीच म्हटलं नव्हतं.

"आणि हा?" नम्रताने तेजसला आपादमस्तक न्याहाळलं. "ह्याच्याकडे बघून वाटत नाही. नववं म्हण बरं."

नववं एकच गाणं असं होतं, जे कपाटात तुकडे करून म्हणणं त्याला जमलं नव्हतं. एकदाच, सलग, डोळे मिटून म्हटलेलं. त्याने तसंच म्हटलं, बसच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल इतकं. पाचव्या ओळीला नम्रताने मान वळवली आणि रस्त्याकडे बघत राहिली.

"बास," ती शेवटी म्हणाली. "कळलं."

दत्तप्रसाद खिडकीच्या जागेवरून उठला. "तू बस इथे. मला ऊन लागतं."

बाहेर ढग होते. तेजस बसला. संभाजीने अल्बम लावला आणि आरशातून म्हणाला, "सायेब, सातवं गानं जरा लांबलंय बरं का." तेजस 'हो' म्हणाला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कान टवकारून न बसता तिसऱ्या गाण्यात झोपून गेला.

तर या गाण्यांचं देणं कुणी फेडलं, ते असं. हॉलंड तेजसने दिलं. चौथ्या गाण्यातल्या साहेबाला चेहरा रंगनाथ सरांनी दिला. त्यांना आता अख्खी कंपनी 'चाळणी सर' म्हणते, आणि ते वळून बघतात. दत्तप्रसादने खिडकी दिली, तीही सप्टेंबरपर्यंतच. पुढे तो विमानात बसला, तिथे त्याला खिडकीचीच जागा मिळाली.