बाबारावांच्या बाजेवर कोण बसतं

नाकाला रुमाल लावायचा असेल तर खुशाल लावा, मित्रांनो. मी एक जुनी बाज आहे, बाभुळगावजवळच्या एका खेड्यात गोठ्यात पडलेली, आणि माझ्या अंगाला मुताचा वास येतो.

माझे पाय बाभळीचे. सुताराने चौकट ठोकली, पण दोरी बाबारावांनी स्वतः विणली, तीही इतकी ताठ की त्यांचा मित्र धनसिंग म्हणायचा, "बाबाराव, तुह्या बाजेवर बसलं का उठावंसं नाई वाटत." संध्याकाळी अंगणात माझ्यावर चार-पाच जण दाटीवाटीने बसत. कापूस वेचणाऱ्या बायांची पोरं दुपारी माझ्यावर झोपत. मी फार मिरवत असे.

बाबाराव गावाला जरा विचित्रच वाटत. गुलाबी बोंडअळीने सगळ्यांची झोप उडवली त्या वर्षी लोक अळीचं नाव काढताच फवारणीचा पंप पाठीवर घेत. बाबारावांनी शेतात कामगंध सापळे टांगले, मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे. त्यात अडकलेले पतंग मोजायचे आणि फार झाले तरच फवारायचं. गाव हसलं.

त्याच हिवाळ्यात त्यांना लघवीला त्रास होऊ लागला. यवतमाळच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, पण लहान आणि सुस्त. ऑपरेशनची घाई नको, दर सहा महिन्यांनी रक्त तपासू, वाढताना दिसला तर लगेच उपचार करू, असं डॉक्टर म्हणाले. बाबाराव घरी येऊन माझ्यावर बसले आणि बायकोला, विमलबाईंना, म्हणाले, "सापळा लावला समज. पाहत राहाचं." बाबारावांना ते चटकन पटलं होतं.

गावाला नाही पटलं. न फवारलेलं शेत म्हणजे सोडून दिलेलं शेत, हे इथे पोरासोरालाही ठाऊक. गोळी नाही, इंजेक्शन नाही, म्हणजे डॉक्टरनं हात टेकले. माणसं केळी घेऊन भेटायला येऊ लागली, माझ्या कडेला बसून जित्याजागत्या माणसासमोर डोळे पुसू लागली. शेजारची रुपीबाई तर विमलबाईंच्या बांगड्यांकडे बघून हुंदके द्यायची. दोरी तोडून तिला खाली पाडावी, असं मला वाटे.

पुढच्या तपासण्या चांगल्या आल्या. आजार जिथल्या तिथे होता. पण एक दिवस त्यांचा मुलगा अक्षय चहाच्या टपरीवरून तोंड पाडून आला.

"बाबा, लोक म्हणून राह्यले, हा बापाले मरू देऊन राह्यला. मले तोंड दाखवाले जागा नाई."

"अरे, वाढलाच नाई तो. मंग कापाचं कायले?"

"मले राहाचं हाय ना या गावात."

बाबारावांनी माझ्या दोरीवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "ने बाप्पा, कुठं नेतं तं."

अक्षयने दुसऱ्या शहरातला, कापायला तयार असलेला डॉक्टर शोधला. ऑपरेशन झालं, पेढे वाटले. पोरगा असावा तर असा, असं गाव म्हणालं. जखम भरली, पण लघवीवरचा ताबा काही परत आला नाही. काहींचं असं होतं, हे तिथे अक्षयला आधी सांगितलं होतं. अक्षयने ते घरी सांगितलंच नाही.

मग माझ्या दोरीला वास येऊ लागला. माणसं आधी उभ्या उभ्याच बोलून जात, पुढे येईनाशी झाली. घराला रंग दिला तेव्हा अक्षयने मला गोठ्यात टाकलं, बाबारावांसकट. विमलबाई ताट आणून ठेवतात आणि लगबगीने जातात. मला त्यांचाही राग येतो, खोटं कशाला बोलू?

परवा धनसिंग आला. त्याला तोच आजार निघाला आहे, तसाच लहान. त्यालाही डॉक्टर थांबा म्हणतात. "काय करू बाबाराव?" त्याने दारातूनच विचारलं.

बाबारावांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी त्यांना कुणी काही विचारत होतं. ते सरकले, शेजारची कोरडी जागा हाताने झटकली. "बस. सांगतो सारं."

धनसिंगने माझ्याकडे पाहिलं. "घाई हाय जरा," म्हणाला, आणि अंगणात जाऊन अक्षयला त्या दवाखान्याचा पत्ता विचारू लागला. अक्षयने तो आनंदाने दिला.

मित्रांनो, माझी दोरी नका बदलू हवं तर. मला चुलीत घातलंत तरी चालेल. फक्त ज्याच्यावर बेतलं तो माणूस "बस, सांगतो" म्हणाला, तर ओल्यावर का होईना, बसा.