जवळचा मोठा, लांबचा लहान

"खोटा आहे हा फोटो," ओपान्यिन बोआचे म्हणाला आणि त्यानं तो मांडीवर उलटा आपटला. "मी ह्या घराण्याचा प्रमुख. आणि इथं दिसतोय कसा? खुर्चीवर उचलून बसवलेल्या पोरासारखा. आणि ती पोकुआ बघा. हात आहेत की हंडे?"

"समोर जे होतं तेच आलंय," आफ्राकोमा म्हणाली.

"काय दिलं तिनं तुला? कोंबडी? कापड?"

"तुमच्या घरची कोंबडी खाल्ली असती ओपान्यिन, तर माझे उरलेले दात गेले असते. तुमच्याच वयाच्या आहेत त्या कोंबड्या."

अंगणातल्या काळ्या लुगड्यांमधून हसू फुटलं आणि लगेच विझलं. सुतकाचं घर होतं.

हे सगळं माझ्यावरून चाललं होतं. मी आफ्राकोमाच्या कॅमेऱ्याच्या तोंडावर बसलेली लेन्स. साधीसुधी नव्हे, वाइड अँगल; ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एका नजरेत बघणारी. मी बोलतेय, तेव्हा मध्ये कुणी बोलायचं नाही.

माझा जन्म थंड मुलखातला. वाळू वितळली, काच झाली, आणि पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी मला घासून घासून फुगीर केलं. तेव्हापासून मला फार स्वच्छ हातांचा संशय येतो. असे हात काहीतरी मागायलाच आलेले असतात.

माझा पहिला मालक मला घेऊन कुमासीला आला. त्याला सगळंच हवं असायचं. सगळा बाजार, सगळं आकाश, सगळी माणसं, एकाच घासात. बाजाराच्या कडेला लांब उभा राहायचा आणि मला म्हणायचा, घे. मी घ्यायचे. फोटोत बाजार म्हणजे सांडलेला मका, आणि वर हे एवढं रिकामं आकाश. दोष अर्थातच माझा. परत जाताना त्यानं मला घड्याळं आणि विजेऱ्या विकणाऱ्याच्या गळ्यात मारलं.

तिथं विजेऱ्यांच्या ढिगात मी कितीतरी वर्षं काढली. हर्माटनचा वारा सुटला की वाळवंटातली धूळ माझ्या सांध्यासांध्यांत जायची. लोक उचलायचे, डोळ्याला लावायचे, ठेवून द्यायचे. न घेणारं गिऱ्हाईक मला चटकन ओळखू येतं. ते आधी काचेला बोट लावतं.

आफ्राकोमानं बोट लावलं नाही. तिनं माझ्यावर फुंकर घातली, वाफ कशी उडते ते बघितलं आणि म्हणाली, "काहीतरी लपवतेस तू." आमचं तिथंच जमलं. दोघीही संशयी.

तिला कुणी शिकवलं नव्हतं. नवरा दुसरीबरोबर समुद्राकडं पळाला, कॅमेरा तेवढा विसरला. फिल्म नासवत नासवत ती शिकली. पासपोर्टचे चेहरे, चर्चमधली गाणारी मंडळी, त्यावर तिचं पोट चालायचं. पण माझी चाल तिला कळेना. तिनं मला चर्चमध्ये नेलं. कडेच्या बायका कसाव्याच्या पोत्यांएवढ्या रुंद झाल्या आणि पाद्र्याचं डोकं पपईसारखं ओढलं गेलं. पाद्र्याच्या बायकोनं तिला पुढं कितीतरी दिवस ओळख दाखवली नाही. आफ्राकोमानं मला दुधाच्या पावडरीच्या डब्यात कोंबलं आणि झाकण लावलं.

डब्यात माझ्या कडेला बुरशीचा एक केस उगवला. तो अजून आहे. मी तो विसरलेले नाही.

एकदा तिच्या चाळवजा घराच्या चिंचोळ्या अंगणात शेजारीण उकडलेला कसावा कांडून फुफूचा गोळा करत होती. आफ्राकोमाला तो फोटो हवा होता आणि तिच्या नेहमीच्या लेन्समध्ये शेजारणीचं कपाळ तेवढं मावत होतं. कुरकुरत तिनं मला बाहेर काढलं. एक पाऊल पुढं गेली. मग आणखी एक. शेवटी शेजारीण, तिथं बाईला मानानं हाक मारतात तशी, म्हणाली, "एनो, फोटो काढतेस की फुफू चाखतेस?"

मुसळावरची घट्ट मूठ माझ्यासमोर डोंगराएवढी झाली. आणि तिच्या मागं उखळ, गोळा उलथणारी म्हातारी, कोंबड्या, धूर, दोरीवरचे कपडे, सगळं आपापल्या जागी, लहान आणि लख्ख. आफ्राकोमानं कॅमेऱ्यावरून डोळा काढला, उघड्या नजरेनं अंगण बघितलं, पुन्हा डोळा लावला.

"म्हणजे तुला जवळ जायला हवं असतं," ती म्हणाली. "मग आधी बोलायचं नाही का?"

मी रोज बोलत होते. ऐकतं कोण?

त्यानंतर ती खरं बघायला लागली. मक्याच्या पिठाचे केंके विकणारीकडं गेली तर आधी पानात गुंडाळलेल्या एका गोळ्यापाशी वाकायची, विकणारी आपोआप मागं यायची, तिच्या मागं रस्ता. कळ दाबण्याआधी चारी कोपरे तपासायची, कारण नको ते कोपऱ्यातूनच घुसतं. मला तिरकं धरलं की फोटोतल्या भिंती कोसळायला लागतात, तेही तिला उमगलं. जवळचा मोठा, लांबचा लहान. एवढंच माझं शास्त्र. पण हे शास्त्र हातात आलेल्या बाईवर डोळे मिटून विश्वास टाकू नये, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

मग बोआचेचा धाकटा भाऊ यॉ वारला. त्या मुलखात घर आईच्या रक्तानं चालतं. मेलेल्याची खोली भावाकडं, बहिणीच्या मुलाकडं जाते, बायकोकडं नाही. बोआचेच्या घरात आणखी एक रीत होती. मयताच्या वेळी जमलेल्या सगळ्यांचा फोटो काढून दिवाणखान्यात लावायचा, आणि त्यात ओपान्यिनच्या, म्हणजे प्रमुखाच्या, खांद्याला लागून जो बसला तो घरचा, त्याची खोली त्याच्याकडं राहायची. बाकीचे पाहुणे. चाळिसावा दिवस झाला की पाहुण्यांनी निघायचं.

बोआचेनं आपली खुर्ची मागं, ओट्याच्या पार टोकाला मांडली. "प्रमुखानं गर्दीत बसायचं नसतं." दोन्ही बाजूंना भाचे. पोकुआला, यॉच्या बायकोला, त्यानं बोटानं दाखवलं: पुढं, खाली, कडेला.

"भाऊजी," पोकुआ म्हणाली, "अंथरुणाला खिळल्यापासून त्यांना मीच आंघोळ घातली. निदान पायरीवर बसू?"

"खाली."

ती चटईवर बसली. हात गुडघ्यांवर ठेवले.

अंगण अरुंद, माणसं ढीगभर. आफ्राकोमानं मला लावलं. इथवर ठीक. पण मग ती उकिडवी बसली आणि पोकुआच्या बाजूला किंचित सरकली. ते मला खटकलं. उभं राहून भागलं असतं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

आणि आता तो छापलेला फोटो ओपान्यिनच्या मांडीवर होता.

"ते काचेचं भूत फोड," तो म्हणाला. "माझ्यासमोर. नाहीतर सगळ्या गावाला सांगतो, आफ्राकोमा लाच खाऊन माणसं फुगवते. मयताला काय, बारशालाही कुणी बोलावणार नाही तुला."

तिचा हात माझ्याभोवती आवळला. फोडायला की झाकायला, ते मला कळेना. नाव गेलं तर ती खाणार काय? मी तिच्या जागी असते तर मला मीच फोडलं असतं.

"राहू दे एनो," पोकुआ दारातून म्हणाली. "माझ्यापायी तुझं नाव घालवू नकोस. मी भांडी बांधायला घेतलीत."

"फोटो मात्र लागणारच," कोपऱ्यातून ओपान्यिनची थोरली मावशी म्हणाली. तिच्यापुढं त्याचं चालत नसे. "चाळिसाव्याला भिंत रिकामी दिसली तर मी तुझ्या दारात झोपेन, बोआचे. हा लाव नाहीतर दुसरा काढ. पण लाव."

बोआचे फोटोकडं बघेना आणि मावशीकडंही बघेना.

आता मी म्हातारी झाले. आफ्राकोमाची बोटं थरथरतात. ती मला क्वचितच बाहेर काढते. नवी मंडळी येतात, मला उचलतात, आणि लांब जाऊन सगळं एकदम मागतात. त्यांना माझं एकच सांगणं: ज्याच्याजवळ जायची तुमची हिंमत नाही, त्याचा फोटो माझ्याकडं मागू नका. आणि काचेवर बोट लावू नका.

पोकुआ अजून त्याच खोलीत राहते. दिवाणखान्यातला फोटोही मीच काढलाय. पण त्या पहिल्या वेळी आफ्राकोमा मुद्दाम खाली बसली होती की गुडघे दुखत होते, हे तिनं मला आजतागायत सांगितलेलं नाही. मी तिच्यावर नजर ठेवून आहे.

त्या दिवशी तिनं मला फोडलं नाही. गळ्यात अडकवलं, ओट्यापर्यंत गेली, ओपान्यिनच्या मांडीवरचा फोटो उचलून सुलटा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दुसरा आत्ता काढते ओपान्यिन, पण मोठं दिसायचं असेल तर खाली उतरा आणि पोकुआच्या खांद्याला खांदा लावून बसा."