साल सांगा

थोरल्या बाईंनी उभ्या आयुष्यात कुणापुढे सालीसकट सफरचंद ठेवले नव्हते. सुरीखालून न तुटता उतरणारी लांबच लांब साल हा त्यांच्या हाताचा लौकिक. तो सुनेने धुळीला मिळवला. सून औषधांच्या दुकानात काम करणारी, वाचणारी. तिच्या मते फळांच्या सालींत, गडद पालेभाज्यांत जी द्रव्ये असतात, ती उतारवयात मेंदूला जपत असावीत.

"असावीत?" बाईंनी विचारले होते.

"आई, संशोधन चालू आहे अजून."

"म्हणजे ते संपेपर्यंत आम्ही चघळत बसायचं!"

परंतु चघळण्याचे कारण खोटे नव्हते. बाईंचे यजमान पुस्तकबांधणी करणारे. गेल्या हिवाळ्यात त्यांनी एका वकिलाच्या ग्रंथाला पुठ्ठा उलटा चढवला, आणि पुढे कागद कापायच्या यंत्राचे पाते खाली येत असता हात तिथेच विसरले. नखावर निभावले. तेव्हापासून त्यांना यंत्राजवळ फिरकण्याची बंदी होती, आणि ताटात साली होत्या.

"अहो, थुंकू नका. गिळा."

"अगं, मी काय शेळी आहे?"

"शेळी ऐकते तरी!"

बंदी उठवायची की नाही, हे आज डॉक्टरीणबाई ठरवणार होत्या. तपासणीच्या खोलीत मुलगा भिंतीला टेकून उभा होता. बांधणीच्या तुंबलेल्या कामाने त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. सून खुर्चीच्या कडेवर बसलेली.

"आजोबा, साल सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"सफरचंदाची," यजमान तत्काळ उत्तरले. "नासपतीची त्याहून चिवट."

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. "इतका हजरजबाबी माणूस, आणि तुम्ही काळजी कसली करता?" त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली.

"पाहिलंस, आई? सालींचा गुण!" मुलगा म्हणाला. "उद्यापासून बाबा यंत्रावर."

बाई हसल्या नाहीत. थट्टा करण्याआधी यजमानांची डावी भुवई उडते, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होते. आज ती जागची हलली नव्हती. माणूस मन लावून उत्तर देऊन बसला होता. सगळे हसले म्हणून आता तोही हसत होता. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सुनेच्या वाचनाचा राग, डॉक्टरीणबाईंच्या घाईचा राग, फळाला आणि काळाला एकच शब्द देणाऱ्या भाषेचाही राग. गप्प बसावे, तर उद्या हात पात्याखाली. बोलावे, तर चारचौघांत नवऱ्याची शोभा.

"हसणं पुरे," त्या म्हणाल्या. "पुन्हा विचारा. या खेपेस वर्ष म्हणा."

"आई, उगाच कशाला—"

"तू तोंड मिटून उभा राहा."

डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "आजोबा, सध्या कोणतं वर्ष चालू आहे?"

यजमानांनी छताकडे पाहिले, स्वतःच्या बोटांकडे पाहिले आणि मग बाईंकडे. पाहुण्यांची नावे असोत की नातवंडांची वये, अडले की त्या पुरवीत आल्या होत्या.

"अगं, सांग ना," ते हळूच म्हणाले.

उत्तर जिभेवर होते. बाईंनी दात आवळले. "मी नाही सांगणार," त्या गरजायला गेल्या, पण आवाज मध्येच फुटला. "तुम्ही सांगा."

ते पुन्हा बोटे न्याहाळू लागले. डॉक्टरीणबाईंनी मघाची खूण खोडली. मुलगा आईकडे असा पाहत राहिला, जणू खोडणारा हात तिचाच होता.

"थांबलात का?" बाई डॉक्टरीणबाईंवर कडाडल्या. "पुढचा प्रश्न विचारा."