उजव्या हातांचा ढीग

त्या कारखान्यात वेल्डिंगवाल्यांचे जाड कातडी हातमोजे शिवत. शिवणाची लांब टेबलं दोन. एकावर फक्त डावे हात शिवायचे, दुसऱ्यावर फक्त उजवे. अंगठा लावताना कातडं कोणत्या बाजूला वळवायचं हे एकदा बोटांत बसलं की मोडू नये, असा तिथला जुना नियम. त्यामुळे कामाला आलेली बाई पहिल्या दिवशी ज्या टेबलाला बसे, त्याच टेबलाला म्हातारी होई. बायका थट्टेनं म्हणत, डावीकडची बाई नवऱ्यावर चिडली तर थप्पडही डाव्याच हातानं देते.

एकाच घरातल्या दोन जावा तिथे कामाला होत्या. थोरली उजव्या टेबलावर, धाकटी डाव्या. दोघींचे नवरे ट्रकवर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. गुडघे धरल्यामुळे सासू घरातच बसून असायची. सकाळी दोघी जावा बरोबर निघायच्या, संध्याकाळी बरोबर यायच्या. वाटेत भांडायच्या आणि घर येईपर्यंत भांडण मिटवायच्या.

मग मालकीणबाईंनी चार दिवसांचा आठवडा काढला. पगार तोच, काम चार दिवस, शुक्रवार मोकळा. बाहेर कुठे कुठे असं चालू झालंय, तिथली माणसं कमी दमतात आणि काम तेवढंच देतात, असं त्यांनी सांगितलं. पण दोन्ही टेबलं एकदम सोडायला त्यांची छाती होईना. चिठ्ठी टाकली, ती डाव्या टेबलाची निघाली. तीन महिने डाव्यांनी चार दिवसांत पूर्वीइतकेच हात दिले, तर उजव्यांनाही शुक्रवार मिळणार. नाही दिले, तर सगळ्यांचं जुनंच चालू राहणार.

पहिल्या शुक्रवारी थोरली एकटीच उठली. चूल पेटवली, सासूला चहा दिला, डबा भरला. धाकटीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फटीतून पाहिलं, तर ती उशीत तोंड खुपसून पडलेली, एक पाय पांघरुणाबाहेर. थोरलीनं भांडं जरा जोरातच आपटलं. पाय आत गेला, पण बाई उठली नाही.

रस्त्यानं एकटं चालताना थोरलीच्या डोळ्यांसमोर तो पायच येत राहिला.

संध्याकाळी परत आली तर घर बदललेलं. डबे धुऊन पुसून दुसऱ्याच क्रमानं लावलेले. साखर सापडेना. सासूचे केस विंचरलेले, नखं कापलेली, आणि सासू सांगत होती की आज कितीतरी दिवसांनी अंगणात बसले, धाकटीनं खुर्ची नेऊन ठेवली. थोरली म्हणाली, छान झालं. साखर कुठे ठेवलीय तेवढं सांगा.

लग्न होऊन आली तेव्हापासून त्या घराच्या चाव्या तिच्या कमरेला होत्या. सासूची औषधं, वाण्याकडचं सामान, दिरांची मर्जी, सगळं तिनं सांभाळलं होतं, तेही दमल्या अंगानं, रात्रीच्या उरल्यासुरल्या वेळात. आता धाकटी आठवड्यातून एक दिवस ताज्या अंगानं तेच करणार आणि नाव मिळवणार. पुढच्या शुक्रवारी सासूनं औषध विचारलं तेही धाकटीलाच. थोरली समोर उभी होती.

तिनं स्वतःला समजावून पाहिलं. तीन महिन्यांनी आपलीही पाळी आहेच. पण पोटात जे दुखत होतं त्याला तीन महिने कळत नव्हते.

तेव्हा तिनं एक केलं. आणि ते करताना तिला चोरी केल्यासारखं मुळीच वाटलं नाही, कारण तिनं फक्त काम केलं. कापणीच्या खोलीतून उजव्या हातांचं कातडं जास्त आणलं. जेवणाची सुट्टी निम्म्यावर सोडून, डाव्या टेबलाकडे पाठ करून, ती यंत्रावर बसू लागली. शेजारणींना म्हणाली, तिकडच्या राण्या घरी लोळतात, पाच दिवसांचं काम काय असतं ते एकदा दिसू दे की. शेजारणीही आतून जळतच होत्या. उजवं टेबल असं काही धावू लागलं की यंत्रं तापून तेलाचा वास सुटला.

दोन्हीकडचे हात शेवटी जोडवाल्या मावशीकडे जात. डाव्याला उजवा लावून जोडीला दोरा बांधायचा, एवढंच तिचं काम. तिच्यासमोर आता जोडी नसलेल्या उजव्या हातांचा ढीग साचू लागला. पालथे पडलेले, बोटं वर केलेले, सगळे एकाच बाजूचे. मावशी म्हणाली, हे कुणाला घालायचे गं, दोन उजव्या हातांचा माणूस शोधून आणा. सगळ्या हसल्या. थोरली सगळ्यांत मोठ्यानं हसली.

मालकीणबाई आल्या तेव्हा ढीग टेबलाच्या वर गेला होता. मावशीनं सांगून पाहिलं की डावे पूर्वीइतकेच येतात, उजवेच वाढलेत. मालकीणबाई म्हणाल्या की हिशेब सरळ आहे, उजवे एवढे होतात म्हणजे डावे मागे पडले. माझं गिऱ्हाईक जोडी विकत घेतं, हात नाही. त्यांनी दोन्ही टेबलांना उभं करून सांगितलं. या शुक्रवारी डाव्यांनी कामावर यायचं आणि ढिगाला जोडी द्यायची. दिवस मावळेपर्यंत ढीग संपला तर प्रयोग पुढे चालेल, राहिला तर सोमवारपासून दोन्ही टेबलांचं जुनंच चालू. आणि उजव्यांनी शुक्रवारी येऊ नये, त्यांचा माल आधीच जास्त झालाय. पगार कापणार नाही.

म्हणजे जो शुक्रवार थोरलीला हवा होता, तो असा मिळाला. धाकटीचा काढून.

त्या सकाळी धाकटी अंधारातच निघून गेली. थोरली पडून राहिली. बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. पाठ दुखायला लागली तशी उठली आणि डबे पुन्हा आपल्या जुन्या क्रमानं लावले. खुर्ची काढून सासूला अंगणात बसवलं, केस विंचरायला घेतले. सासू म्हणाली, हळू गं, धाकटीचा हात हलका आहे.

थोरलीनं फणी तशीच धरली. एवढे केस आपण धुतले, एवढी वर्षं, तेव्हा कधी हात जड लागला नाही का, असं ओठांवर आलं होतं. पण सासू आपल्याच नादात बोलत राहिली. धाकटी बिचारी शुक्रवारी उन्हं वर आली तरी उठत नसे. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत शिवत बसायची ना. चहाला उठायची नाही. मला सांगायची, आई, माझ्या हातून कमी पडलं तर ताईंची पाळी जाईल. त्यांना माझ्याहून जास्त गरज आहे, त्या कधी बसतच नाहीत.

थोरलीच्या मनात पहिलं काय आलं असेल, तर ते हे, की चांगुलपणातसुद्धा हिनंच पुढे जायचं.

फणी सासूच्या हातात देऊन, शेजारणीला तिच्याकडे लक्ष ठेवायला सांगून ती चपला घालून निघाली.

कारखान्यात उजवं टेबल रिकामं होतं, यंत्रांवर कापड टाकलेलं. डाव्या टेबलावर कुणी मान वर केली नाही. धाकटीच्या शेजारी एक यंत्र मोकळं होतं, थोरली तिथं बसली आणि डाव्या हाताचं कातडं ओढून घेतलं. धाकटी शिवता शिवता ढिगाकडे पाहून म्हणाली, "यातले निम्मे तुमचे आहेत. अंगठ्याच्या मुळाशी तुम्ही दोनदा टाका घेता, मला ओळखू येतो."

थोरलीनं सुईत दोरा ओवला.

"माझा शुक्रवार नको होता तुम्हाला," धाकटीनं विचारलं, "की मीच नको होते?"

यंत्रांचा आवाज होता म्हणून बरं. थोरली म्हणाली, "मी निघायचे तेव्हा तू झोपलेली असायचीस. ते बघवायचं नाही मला."

"मग उठवायचं होतं. चहा केला असता."

थोरलीनं पहिला हात शिवून पुढे सरकवला. धाकटीनं तो पाहिला आणि तिच्या तोंडावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, हसू फुटता फुटता राहिलं. अंगठा मागच्या बाजूला लागला होता. बोटांनी सवयीनं कातडं उजवीकडे वळवलं होतं. असा हात कुठल्याच माणसाला बसला नसता. मावशी पलीकडून म्हणाली, आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारीचा हात असाच असतो, तिलाच बसेल तो. डावं टेबल खदखदलं. थोरलीनं मान खाली घातली.

धाकटीनं दोरा उसवून कातडं परत तिच्यापुढे टाकलं. "पुन्हा करा." नेहमी शेवटी 'ताई' असायचं, ते या वेळी नव्हतं.

दुसराही बिघडला. तिसरा जमला, पण सावकाश. चौथ्यापासून थोरली ओठ आवळून, प्रत्येक वळणाला मनाशी 'उलटं, उलटं' म्हणत शिवू लागली. ढीग उतरत होता, पण उन्हंही उतरत होती. मावशीचे हात दोरा बांधून बांधून लाल झाले होते.

मध्येच थोरलीची नजर बाजूला गेली. धाकटीपुढे शिवलेल्या हातांची चांगली उंच चळत झाली होती, थोरलीपुढे जेमतेम मूठभर. आणि धाकटी घाईतही दिसत नव्हती. कातडं फिरवताना मनगट नुसतं वळायचं, जणू झोपेत कूस बदलावी तसं. थोरलीच्या पोटात ती ओळखीची कळ उठली, अगदी तीच. तिनं खुर्ची पुढे ओढली, पाय पट्टीवर दाबला आणि यंत्र असं सोडलं की धाकटीनं चमकून पाहिलं. मग धाकटीनंही आपलं सोडलं.

मालकीणबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मावशी शेवटच्या जोडीला गाठ मारत होती. ढिगाच्या जागी नुसतं टेबल होतं. त्यांनी ते पाहिलं, उजव्या टेबलाच्या बाईला डाव्या यंत्रावर पाहिलं, आणि काही न विचारता प्रयोग पुढे चालेल म्हणून सांगून गेल्या.

थोरली मात्र मान वळवून दोघींच्या चळती होत्या त्या जागेकडे बघत होती. पण मावशीनं सगळे हात मिसळून जोडीला बांधून टाकले होते. कुणाचे जास्त झाले, ते आता कळणार नव्हतं.